पलीकडचं कुरण

रस्त्यात ट्रॅक्टर आडवा लावला होता आणि पिवळ्या जाकिटातली तीन माणसं त्याला टेकून उभी होती. आश्लेषानं गाडी थांबवली, काच खाली केली. इंजिन चालूच ठेवलं.

"कॉनर, बाजूला घे तो. तुझ्या वडिलांचीच गाय कोसळली आहे."

"माहितीय. मलाही फोन आला त्यांचा," कॉनर म्हणाला. लालसर दाढीचा, विशीतला. त्याच्या घरच्या गुरांची डॉक्टर आश्लेषाच होती. "तू जा ना. तुला कोण अडवतंय?" मग वाकून त्यानं शेजारच्या सीटकडे पाहिलं. "हे कोण?"

"माझे वडील."

डॉक्टर श्रीकांत आठवडाभर लेकीकडे राहायला उत्तर आयर्लंडला आले होते. कार्डिफच्या हॉस्पिटलात उभी हयात पेशंटना भूल देण्यात गेली, आता निवृत्त. डोंगर बघायला म्हणून ते सकाळी तिच्याबरोबर निघाले होते.

"असतील," कॉनर म्हणाला. "पण या रस्त्यानं हल्ली कोणीही येतंय, कोणीही जातंय. अनोळखी माणसाला आम्ही विचारतो. पासपोर्ट आहे?"

पुढच्या वळणापलीकडे ब्रिटनची हद्द संपून आयर्लंड सुरू होत होतं, दुसरा देश. तिथे ना फाटक, ना चौकी. पाट्यांवरचे मैल जाऊन किलोमीटर येतात, एवढाच काय तो फरक. दर मे महिन्यात कॉनरच्या वडिलांची, जेरीची गुरं इथूनच पायी पलीकडच्या डोंगरावर चरायला जात. परवाच गेली होती, कॉनरनंच हाकली होती. हिवाळाभर गोठ्यात असलेली जनावरं एकदम कोवळ्या गवतावर सुटली की त्यांच्या अंगातलं मॅग्नेशियम उतरतं. एखादी झटके येऊन आडवी होते. लगेच औषध गेलं तर उठते, नाहीतर संपलं.

"आशू, मी उतरतो," श्रीकांत मराठीत म्हणाले. "थांबतो इथे. तू हो पुढे."

"नो, बाबा. तो गाय मेला तरी चालेल. मी तुम्हाला यांच्याजवळ सोडणार नाही."

एरवी त्यांनी तिचं मराठी सुधारलं असतं. आज त्यांनी खिसे चाचपले. पासपोर्ट तिच्या घरी, बॅगेत. हाताला कार्डिफच्या बसचा पास लागला. तो त्यांनी खिडकीतून पुढे केला आणि हसले. 'दुसरा डॉक्टर नाही का?' असं विचारणाऱ्या गोऱ्या पेशंटपुढे ते जसं हसायचे, तसं.

"बाबा, काही दाखवू नका!"

"अगं, जाऊ दे ना. तुझा वेळ जातोय."

टक्कल केलेल्या एका माणसानं पास उलटसुलट करून पाहिला आणि फोननं त्याचा फोटो काढला. मग फोन श्रीकांतच्या चेहऱ्यासमोर धरला.

"टोपी काढा."

श्रीकांतनी टोपी काढली. वाऱ्यानं उरलेले केस कपाळावर आले. त्या माणसाला फोटो पसंत पडेना, त्यानं दुसरा काढला. आश्लेषानं हॉर्नवर तळहात दाबला आणि ट्रॅक्टर हलेपर्यंत उचललाच नाही. कॉनर दुसरीकडे बघत होता.

डोंगरावर पोचले तेव्हा जेरी गायीच्या डोक्याशी गुडघे टेकून बसला होता. तिच्या पायांनी खरडून खरडून आजूबाजूची माती उघडी पडली होती. आश्लेषा बाटली आणि सुई घेऊन धावली. गुडघ्यावर बसली, छातीला कान लावला, डोळ्याच्या बुबुळाला बोट लावून पाहिलं. बाटली तशीच गवतावर ठेवली. तांबडं वासरू आईच्या कासेला ढुशा देत होतं.

"जरा आधी आली असतीस तर..." जेरी म्हणाला.

"तुझ्या मुलाला विचार." ती उठली. "वडिलांना खाली उतरव म्हणाला असता तरी कळलं असतं मला. फोटो काढत बसले ते! माझ्या बाबांचे! चोर आहेत का ते?"

म्हातारा जेरी बराच वेळ गायीच्या मानेवरून हात फिरवत राहिला. मग श्रीकांतकडे वळला.

"पोरं वाईट नाहीत हो, डॉक्टर. घाबरलीत. रोज टीव्हीवर निर्वासितांनी भरलेल्या त्या बोटी बघतात, सीमा ही अशी उघडी. मनावर घेऊ नका. तुमच्याबद्दल नव्हतं ते."

'इट्स ऑल राइट.' शब्द श्रीकांतच्या जिभेवर आलेच होते. इतकी वर्षं ते आपोआप येत. वॉर्डात, दुकानात, शेजाऱ्याच्या कुंपणाशी. आज ते बाहेर पडेनात. त्यांनी हात पाठीमागे घट्ट धरले.

"माझ्याबद्दलच होतं," ते म्हणाले. आवाज एवढा चढला की वासरू दचकून मागे सरलं. "टोपी मला काढायला लावली. दुसऱ्या कोणाला नाही. माझ्याबद्दलच होतं, मिस्टर जेरी, आणि तुम्हाला ते ठाऊक आहे."

जेरीनं मान खाली घातली.

गाडीत बसल्यावर आश्लेषानं डोळे पुसले आणि नकाशा उघडला. "आपण मेन रोडनं जाऊ, बाबा. थोडं लांब आहे, पण तिथे कोणी नसेल."

"नाही."

"बाबा, प्लीज. ते अजून तिथेच असतील."

"म्हणूनच," श्रीकांत म्हणाले. "त्याच रस्त्यानं घे. आणि हे बघ, मी काही दाखवणार नाही. दिवसभर उभं केलं तरी नाही."

तिनं नकाशा मिटला. मग तिनं गाडी वळवली. उतार संपून ट्रॅक्टरचं लाल छत दिसायला लागलं, तशी श्रीकांतनी आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली.