पटावर एकच नाव

शेखरने फळ्यावर ८९ लिहिले होते. जयाच्या वहीत ८१ उतरले. त्या ८१ मधून केलेली वजाबाकी मात्र बिनचूक होती.

"जया, हे चुकून झालं का?"

तिने मान खाली घातली. "व्हय, गुर्जी."

चुकून होण्यासारखं यात आहे काय, असं शेखरला वाटलं. हातचा घेऊन धडाधड वजाबाकी करणारी चौथीची मुलगी समोरचा आकडा चुकीचा उतरवते, आणि तोही रोजच्या रोज. वर्गात चार पोरं असती तर गडबडीवर ढकलता आलं असतं. पण धरणापलीकडच्या या वाडीतल्या शाळेच्या पटावर आता जया एकटीच उरली होती. एक शिक्षक, एक विद्यार्थिनी. शहरात अशी शिकवणी मिळावी म्हणून आईबाप धडपडतात. इथे ती आयती मिळत होती आणि पोरगी दिवसेंदिवस मागे चालली होती.

विषय एकेक करून पाहिले की कोडं आणखीच वाढायचं. पाढे, कविता, तोंडी हिशेब यांत जया पहिल्यासारखीच तरबेज होती. मराठीच्या वहीत मात्र 'घर'चं 'धर' आणि 'भात'चा 'मात' व्हायचा. परिसर अभ्यासाची अर्धी उत्तरं कोरी असायची. ही घसरण दिवाळीपासूनची. दिवाळीत जयाची मैत्रीण गौतमी वाडी सोडून गेली. तिच्या वडलांना भुकूमच्या एका सोसायटीत वॉचमनचं काम मिळालं आणि एका बाकावर चिकटून बसणाऱ्या दोघींपैकी एक कमी झाली. मैत्रिणीविना करमत नसेल, होईल हळूहळू सवय, अशी शेखरने तेव्हा मनाची समजूत घातली होती.

आता फेब्रुवारी उजाडला होता. पुढच्या महिन्यात पौडच्या निवासी शाळेची प्रवेश परीक्षा होती. वाडीतली शाळा चौथीपर्यंतच. पौडला नंबर लागला नाही तर या पोरीचं शिक्षण संपलं, हे शेखरला स्वच्छ दिसत होतं. पाचवीचा वर्ग इथेच जोडून द्या म्हणून वाडीने अर्ज केला होता खरा, पण त्यावर आशा ठेवून होत्या त्या एकट्या रत्नाबाई. जयाची आजी. शाळेतली खिचडी त्याच शिजवायच्या. जया गेली की शाळा बंद, आणि शाळेबरोबर खिचडीही बंद.

हा धागा हाती लागला आणि शेखरला सगळं उलगडल्यासारखं वाटलं. पोरीला येतंय. ती मुद्दाम चुकते आहे. हल्ली सकाळी त्याने उतारावरून हात केला तरी ती हात करत नसे, नुसती उभी राही. मनात काही असल्याशिवाय का? त्याला फार वाईट वाटलं.

शनिवारी जया अंगणात ताटं घासत होती तेव्हा तो चुलीपाशी गेला.

"आजी, जयाला चुकायला कुणी सांगितलंय का?"

रत्नाबाईंचा हात पातेल्यावरच थांबला. "म्हंजी?"

"ती इथंच राहिली तर शाळा राहील. तुमचं कामही राहील."



"गुर्जी, माझ्या पोटापायी मी नातीचं वाटोळं करीन व्हय? घरी बी ती पुस्तक नाकाला लावून बसलेली असती. नीज म्हटलं तरी ऐकत न्हाई. तिला पौडाला धाडायची म्हून पत्र्याची पेटी बी घेतलीया मी."

शेखर ओशाळला. आजींची माफी मागून तो वर्गात आला, पण मनातलं काही जाईना. आजींनी सांगितलं नसेल. पोरीनेच मनाशी ठरवलं असेल, आजीच्या मायेपोटी. त्याला भरून आलं आणि तिचा रागही आला. माझं ऐकणार नाही ती, त्याने विचार केला. ऐकलंच तर एकाच माणसाचं ऐकेल.

त्याने गौतमीच्या वडलांना फोन लावला. त्यांनी तो पोरीच्या हातात दिला.

"गौतमी, जयाला जरा समजाव. आजीसाठी ती मुद्दाम चुकतेय. पौडची परीक्षा हातची जाईल."

"जया मुद्दाम न्हाई चुकायची, गुर्जी."

"मग तू गेल्यापासूनच कशी चुकायला लागली?"

 गौतमीने अगदी साधेपणाने विचारलं, "गुर्जी, आता फळ्यावरचं तिला कोण वाचून दावतं?"