दुखण्याचा आकडा

ऐका तर, आमची अंबिका कॅन्सर पेशंटला घरचे कसे सांभाळतात त्याचं संशोधन करते ना, ती मुरुडच्या गुरुबसप्पाकाकांची वही बघत होती. त्यांच्या आजारी बायकोला, कमलम्माकाकूंना, रोज किती दुखलं, शून्य ते दहात काकांनी लिहायचं. नऊ, सात, चार, आज शून्य! "लई भारी काका, दुखणं थांबलं!" काकांचा चेहराच उतरला. "कसलं थांबलं, ताई? जीव गेला तरी ही दुखतंय म्हणत न्हाई. मग माझ्यावर दिवसात किती वेळा खेकसली, ते लिहितो. दुखणं वाढलं की हिचं खेकसणं कमी व्हतं. आज एकदाबी न्हाई."  अंबिकानं तिथूनच डॉक्टरांना फोन लावून दुखण्याचं औषध वाढवून घेतलं. तिसऱ्या दिवशी काकांचा फोन. मागून काकू कडाडल्या, "बोलत काय बसलाव, दूध उतू गेलं की!" काका हसत म्हणाले, "ताई, आज अकरा झाले. दहाच्या फुडं लिहिलं तर चालंल?"