अदबीचं गिऱ्हाईक

उकंडराव गुडघ्यांवर बसून साक्षीच्या बुटांच्या नाड्या सोडत होता. काम संपलं होतं. पाठीवर पट्ट्याचे वळ होते आणि चेहऱ्यावर पंगतीतून उठल्याचं समाधान.

वाशीममध्ये असला धंदा चालतो हे कोणाला खरं वाटणार नाही. चालतो. दिवसभर दुसऱ्यांवर हुकूम सोडणाऱ्या पुरुषांना बंद खोलीत कोणाचा तरी हुकूम ऐकायचा असतो. साक्षी पैसे घेऊन त्यांना दरडावते, कोंबडा करून उभं ठेवते, मारते. आधी ठरलं तेवढंच. तिच्या अंगाला हात लावायचा नाही.

गिऱ्हाईक होण्याचीही एक रीत असते, पण ती पाळतो कोण? फोन उचलला की थेट, "रेट बोल." मग वांगी घेतल्यासारखा भाव. मग फोटो पाठव. आणि शेवटी हमखास, "आडनाव काय तुयं? गाव कोणतं?" ती फोन ठेवून देते.

उकंडराव एकटाच निराळा. पहिल्याच वेळी त्यानं सगळं नीट लिहून पाठवलं होतं. वय, काय चालेल, काय चालणार नाही, कंबरेचं ऑपरेशन झालं आहे, तिथं मारू नका. वेळेवर येतो. आंघोळ करून, नखं कापून येतो. दार उघडं असलं तरी आत ये म्हणेपर्यंत बाहेर उभा राहतो. 'मॅडम' आणि 'आपण' याच्या खाली कधी उतरला नाही. आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. इतक्या अदबीनं साक्षीशी जन्मात कोणी बोललं नव्हतं. शाळेत नाही, दवाखान्यात नाही, तहसीलच्या खिडकीवर तर नाहीच.

म्हणून आज तिनं स्वतःचाच नियम मोडला आणि गिऱ्हाइकाजवळ घरचं बोलणं काढलं.

"एक काम होतं. मालेगाव रोडले तुमचे गाळे हायेत म्हंतात. त्यातला एक रिकामा हाय. मले पार्लर टाकाचं हाय. हे सोडून द्याचं हाय मले."

पार्लरचा कोर्स तिनं कधीच केला होता. खुर्ची आणि आरसा घेऊन ठेवले होते. अडलं होतं ते गाळ्यापाशी. ज्या मालकाकडं जावं, त्याचा गाळा तिचं आडनाव ऐकल्याबरोबर भाच्यासाठी ठेवलेला निघायचा.

उकंडरावाचे हात नाडीवर थांबले.

"मॅडम, आपण म्हनान तर सकाळलोक कोंबडा होऊन राह्यतो. पण गाळ्याचं नका काढू."

"काहून?"

"तुमच्या लोकायले आमी देत नाई. बाकीचे भाडेकरू उठून जातीन."

तो हे भांडून बोलला नाही. बसची वेळ सांगावी तसा बोलला.

"माये लोक कोणते, हे तुमाले कोणं सांगतलं?"

"आपण जऊळक्याच्या ना. घर विहाराच्या मांगं. पयला फोन कराच्या आंधीच मी चौकशी केलती."

साक्षीनं सैल झालेल्या बुटांतून पाय मागं ओढून घेतले.

"एवढं मालूम होतं, तरी माया पायाशी येऊन बसता? अकोल्याले, नागपूरले बाया नव्हत्या?"

"होत्या ना. नागपूरले जाऊन आलो मी." त्यानं तिचे बूट शेजारी शेजारी नीट ठेवले आणि हात जोडले. "ते बाई चांगल्या घरची निंघाली. काई मजाच नाई आली. मले पार तळाले जाचं होतं, मॅडम."