तात्यांची लढाई

शनिवारी पाहिलेल्या सिनेमातल्या अंतराळयुद्धाचा पंचनामा तात्या रविवारी सकाळी अजिंक्यताऱ्याच्या चढावर करत होते.

"सेनापतीच कच्चा. एकाहत्तरला आम्हालाही असंच घेरलं होतं. तेव्हा मी काय केलं, ठाऊक आहे?"

"सांगा की मेजर," फिरायला येणारी मंडळी थांबली.

तात्यांनी काठी फिरवत एकट्यानं चाळीस जण लोळवले. गेल्या महिन्यात ते पंचवीसच होते. सगळे हसले, आज पहिल्यांदाच आलेले, किंचित लंगडणारे निवृत्त सुभेदार मात्र हसले नाहीत. जवळ येऊन त्यांनी हळूच विचारलं, "तात्या, तुमच्यातले किती परत आले?"

आकडा ठोकून देणं तात्यांना अवघड नव्हतं. पण उत्तर नीट ऐकू यावं म्हणून सुभेदार कानटोपी काढून उभे होते.

"मी गेलोच नव्हतो," तात्या मान खाली घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "गोदामात कारकून होतो, सुभेदार. जाणाऱ्यांना बूट देत होतो."