गुरुवारचा रांजण

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या सुप्याजवळच्या गावाला दर गुरुवारी टँकर यायचा. त्याआधी मी रांजणातलं उरलंसुरलं पाणी गाईला पाजायची, रांजण घासून उन्हात पालथा घालायची. देव्हाऱ्यातल्या दत्ताला गुरुवारी शिळ्या पाण्यानं न्हाऊ घालायचं नाही, हा माझा नेम.

"प्यायला पानी न्हाई आन् हिचं सोवळं बघा! फुडच्या गुरवारपासनं नेम बंद," सासूबाईंनी बजावलं.

त्याच आठवड्यात हिवतापाचा कर्मचारी आला. घरोघर माणसं तापानं कुडकुडत होती.

"पाऊस न्हाई, डबकं न्हाई, मग डास आलं कुठनं?" सासूबाईंनी त्याला विचारलं.

"पाऊस नाही म्हणूनच तुम्ही पाणी साठवता, आजी. डास त्यातच होतात." त्यानं शेजारच्या रांजणातल्या वळवळत्या अळ्या दाखवल्या. मग आमच्या रांजणात बॅटरी मारली. एकही अळी नव्हती. "हा दर आठवड्याला घासून वाळवत असणार," तो म्हणाला, तशा सासूबाई वाकून आत बघू लागल्या.

बंदी उठली नव्हती, म्हणून गुरुवारी मी रांजणाला हात लावला नाही. दारात आले, तर गल्लीभर रांजण पालथे पडलेले. सासूबाई काठी टेकत दारोदार बजावत होत्या, "नीट घासा गं! आमच्या सूनबाईचा नेम हाय ह्यो, मोडायचा न्हाई."