डाव्या हातची गोदू

बावन्न साली अर्धांगवायूनं उजवा हात गेला आणि पनवेलच्या राफेलमास्तरांची चित्रकला शिकवण्याची नोकरी सुटली. वर्षभर ते डाव्या हातानं शाईची चित्रं गिरवत राहिले, पण कुणाला दाखवायचा धीर होईना. शेवटी बाजाराच्या दिवशी बायकोनंच ती ओट्यावर दोरीला टांगली. मास्तर संकोचून आत वळले, तोच मीठ विकणारी गोदू पाटी उतरवत म्हणाली, "मास्तर, माजा पन तोंड काडा ना!" माणसं जमली, नाही म्हणवेना. मास्तरांनी टाक दौतीत बुडवला. कपाळाची रेघ वाकडी गेली. तिचीच त्यांनी आठी केली, मग डोळे, नथ, हनुवटी कागदावर उतरत गेली. गर्दीतून तिचा नवरा ओरडला, "आरं, ही तं आमची गोदू! आता मलाच वरडंल!" एकच हशा उसळला. शाईनं माखलेली बोटं सदऱ्याला पुसत मास्तर गरजले, "पुढचं कोण?"