डाव्या हाताचा नियम

अड्याळच्या शाळेत स्काऊट-गाईडचं नवं पथक निघालं. पार्वताबाई नातीला घेऊन पालकसभेला आली. गाईडच्या बाईंनी हसून पोरीपुढे डावा हात केला, तशी पार्वताबाई चरकली. लहानपणी पाटलांच्या घरून तिच्या आईला उरलंसुरलं मिळायचं, तेही डाव्या हातानं, वरून टाकलेलं. तिनं नातीचा दंड धरला. "चाल घरी, मनाली. डाव्या हाताचं आपल्याले नोको." पोर हलेना. "आजी, स्काऊट-गाईडमध्ये सगळेच डावा हात मिळवतात," बाई म्हणाल्या. "काळजाच्या बाजूचा म्हणून." "सारेच? पाटलाचा नातूही?" "तोही. पालकसुद्धा." पार्वताबाईनं वळून पाहिलं. म्हातारे पाटील नातवाला घेऊन मागच्या बाकावर होते. तिनं त्यांच्याजवळ जाऊन डावा हात पुढे केला. पाटलांनी सवयीनं हात जोडले. "जोडू नोका जी, पाटील. इथं डावा मिळवा लागते." पाटलांनी जोडलेले हात सोडले आणि डावा तिच्या हातात दिला.